मेंदूची चूल वेगळी : कोलेस्टेरॉल, आप्पांची बंद गोळी आणि तीन आठवड्यांचं वाचन

रानजाई
बडीशेपेच्या डब्यात हात घातला आणि गोळ्यांच्या तीन पट्ट्या हाताला लागल्या. एकही गोळी फोडलेली नाही. आप्पांची कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोर्व्हास्टॅटिन ४०. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की घ्यायची आणि आप्पा रोज जेवण झालं की उठून त्या डब्याकडे जायचेच, बडीशेप तोंडात टाकायचे, आम्ही समजायचो गोळी घेतली. म्हणजे महिनाभर तरी बंद होती.

विचारलं तर आधी गप्प बसले. मग फोन काढून एक फॉरवर्ड दाखवला. मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, ही गोळी कोलेस्टेरॉल विरघळवते, म्हणून म्हातारपणी माणसं विसरायला लागतात, असं त्यात ठळक अक्षरात. चिडायला झालं होतं खरं, पण चिडले नाही कारण मला कळलं की ही भीती फॉरवर्डातून आलेली नाही. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, शेवटची चार वर्षं हळूहळू सगळं विसरत गेले. एकदा पहाटे सांगलीच्या गावभागातल्या घरातून निघाले ते आयर्विन पुलावर सापडले, पायात चप्पल नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते की मार्केट यार्ड कुठल्या बाजूला आलं. त्या यार्डात त्यांनी चाळीस वर्षं हळदीची दलाली केली होती. त्यांना घरी आणायला आप्पाच गेले होते.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते. कोलेस्टेरॉलचं स्ट्रक्चर फळ्यावर न बघता काढेन, २७ कार्बन, चार रिंगा आणि एक शेपूट. पण "मेंदूतलं कोलेस्टेरॉल या गोळीनं कमी होतं का गं?" याचं सरळ उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. तीन आठवडे वाचलं. जे कळलं ते इथे लिहितेय, कारण ते फॉरवर्ड आपल्या सगळ्यांच्याच घरात पोचलं असणार.

फॉरवर्डातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के एकट्या मेंदूत. त्यातलं बहुतेक, ७० टक्क्यांहून जास्तच, मायलिनमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या लांब तारांवर जे वेष्टन असतं त्यात. उरलेलं पेशींच्या पडद्यांत आणि दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या सायनॅप्समध्ये.

चूक होते ती दुसऱ्या वाक्यात. आपल्या रक्ताच्या रिपोर्टात जे एलडीएल, एचडीएल येतं ते मेंदूत जातच नाही. रक्त आणि मेंदूच्या मध्ये जी भिंत आहे, ब्लड ब्रेन बॅरियर, तिच्यातून हे कोलेस्टेरॉलचे गाडे आत शिरत नाहीत. मेंदू स्वतःला लागेल तेवढं स्वतः बनवतो. लहानपणी मायलिन चढत असताना भरपूर बनवतो, मोठेपणी कमी. आणि मोठेपणी चेतापेशी हे काम बरंचसं शेजारच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींवर सोपवतात. त्या कोलेस्टेरॉल बनवून एपीओई नावाच्या प्रोटीनमध्ये बांधून चेतापेशींना पोचवतात. एका वाड्यात दोन भाऊ राहतात पण चूल वेगळी, तसं. लिव्हरची चूल वेगळी, मेंदूची वेगळी.

जेवायला बसायचंय, पुढचं रात्री लिहिते. मेंदूतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर कसं पडतं हा खरा मजेचा भाग आहे.

तासगावचा_बेदाणा
ताई लई भारी लिवलंय. एक इचारू का, आमची आजी म्हणायची पोरांना तूप घाला, डोकं चालतं. मग भायेरचं कोलेस्टेरॉल मेंदूत जातच न्हाई तर तुपाचा उपयोग काय? माझा पोरगा दहावीला हाय, रोज दोन चमचे घालतोय आम्ही वरणात.

रानजाई
@तासगावचा_बेदाणा दादा, घाला की, वाढीच्या मुलाला वरणभातावर तूप चांगलंच. त्याला त्यातून ताकद मिळते आणि अ, ड जीवनसत्त्वं मिळतात. पण तुपातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जाऊन बसतं असं नाही, आणि तूप कमी केलं म्हणून मेंदूतलं कमी होतं असंही नाही.

आता पुढचा भाग. कोलेस्टेरॉलची गंमत अशी की त्या चार रिंगा आपल्या कुठल्याच पेशीला फोडता येत नाहीत. साखर जाळता येते, चरबी जाळता येते, ही रिंग जळत नाही. लिव्हरची सोय आहे, तो त्यापासून पित्तातली आम्लं करून आतड्यात सोडतो. मेंदूनं काय करायचं? आत बनवत राहिला आणि बाहेर काढता आलं नाही तर साठतच जाणार.

मेंदूनं यावर जो उपाय काढलाय तो मी वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून होते. चेतापेशीत एक एन्झाइम असतं, सीवायपी ४६ए१. ते कोलेस्टेरॉलच्या शेपटावर २४ नंबरच्या कार्बनला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतं. बास, एवढंच. तयार झालेल्या रेणूला २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल म्हणतात. साधं कोलेस्टेरॉल पेशीच्या पडद्यात रुतून बसतं, पण हा एक ऑक्सिजन लागला की तोच रेणू पडद्यातून निसटतो, भिंत ओलांडून रक्तात येतो, तिथून लिव्हरकडे जातो. मोठ्या माणसाच्या मेंदूतून असं रोज ६ ते ७ मिलिग्रॅम बाहेर पडतं. मोहरीच्या दोनतीन दाण्यांएवढं वजन. स्वीडनमधल्या करोलिन्स्का संस्थेतल्या ब्योर्खेम यांच्या गटानं १९९६ साली माणसाच्या मेंदूतून होणारी ही जावक मोजून दाखवली आणि १९९९ ला अमेरिकेत रसेल यांच्या प्रयोगशाळेत ते एन्झाइम बनवणारं जनुक हाती आलं.

वहिनी_विटा
म्हणजे हे २४ वालं म्हणजे मेंदूचा कचराच की? मग त्याचा नसांच्या पेशींवर परिणाम काय होणार, बाहेरच टाकतोय ना.

रानजाई
@वहिनी_विटा मलाही आधी असंच वाटलं होतं, आणि बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तो बाहेर जायच्या वाटेवरचा रेणू एवढंच वाटत होतं. पण तो जाताजाता कामं करून जातो. याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण सगळं इथेच आहे.

चेतापेशीवर एनएमडीए नावाचा रिसेप्टर असतो. शिकणं, लक्षात राहणं हे बरंचसं त्याच्या जिवावर. साधं दार नाही ते. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट नावाचं निरोप्या द्रव्य यावं लागतं आणि त्याच वेळी ही पेशी स्वतःही जागी झालेली असावी लागते, तेव्हा दारात अडकलेला मॅग्नेशियमचा बोळा निघतो आणि कॅल्शियम आत येतं. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच. म्हणून तर दोन गोष्टींची सांगड मेंदूत बसते. २०१३ साली असं दाखवलं गेलं की मेंदूतलं हे २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल या रिसेप्टरला जोर देतं. स्वतः दार उघडत नाही, पण दार ढकललं गेलं की मागून हात लावतं, दार जास्त उघडतं. आणि त्याचाच भाऊबंद, २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, ऑक्सिजन फक्त एक कार्बन पुढे, तो हा जोर काढून घेतो! एका कार्बनाच्या अंतरानं उलटं काम. २५ वालं जास्त करून मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, सूज-इन्फेक्शन असताना बनवतात.

दुसरं काम पेशीच्या केंद्रकात. तिथे एलएक्सआर नावाचा रिसेप्टर असतो, तो या ऑक्सिजन लागलेल्या कोलेस्टेरॉलांना ओळखतो. ते वाढले की पेशीला निरोप जातो, माल जास्त झालाय, एपीओई वाढवा, बाहेर काढायचे पंप वाढवा. म्हणजे चेतापेशीतून निघालेला हा रेणू शेजारच्या ॲस्ट्रोसाइटला सांगत जातो की आमच्याकडे काय परिस्थिती आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. उंदरांमध्ये ते एन्झाइमच काढून टाकलं. अंदाज काय होता, की कोलेस्टेरॉल बाहेर पडणार नाही, मेंदूत साठेल. साठलं नाही! मेंदूनं नवीन बनवणंच सुमारे ४० टक्क्यांनी कमी केलं आणि एकूण साठा जेवढ्यास तेवढा ठेवला. तरीही ते उंदीर शिकेनात. मग २००६ मध्ये कळलं का ते. कोलेस्टेरॉल बनवण्याची जी वाट आहे, मेव्हॅलोनेटची, तिच्यावरच मधल्या टप्प्यावर जेरानिलजेरानिऑल नावाचं आणखी एक द्रव्य बनतं आणि ते सायनॅप्स पक्के होण्यासाठी सतत लागतं. जावक थांबली म्हणून चूल मंद केली, चूल मंद झाली म्हणून हे बनेना. उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांवर ते बाहेरून घातलं तर काही मिनिटांत सायनॅप्स पुन्हा पूर्वीसारखे वागायला लागले.

म्हणजे मेंदूत कोलेस्टेरॉल किती आहे यापेक्षा ते वाहतं आहे की नाही याला महत्त्व आहे. मी आप्पांना सांगायचं ठरवलं ते हेच.

हरिपूरकर
रानजाई ताई, तुमचं मायलिनचं वाचून आमची पेवं आठवली. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, हरिपुरात जमिनीखाली खोल खड्डे असायचे, तोंड लहान आणि आत पोट मोठं, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड नाही काही नाही. माझे आजोबा सांगायचे पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी आतली हवा जाऊ द्यायची, दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर माणूस पण विझतो. मायलिनमधलं कोलेस्टेरॉल असंच पेवातल्या हळदीसारखं म्हणायचं का? आणि सायनॅप्समधलं म्हणजे यार्डात सौद्याला आलेली हळद?

रानजाई
@हरिपूरकर काका तुम्ही माझं एक लेक्चर वाचवलंत, पुढच्या वर्षी वर्गात हेच सांगणार तुमची परवानगी असेल तर. अगदी बरोबर आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल काही दिवसांत बदलतं, मेंदूतलं सरासरी वर्षानुवर्षं तसंच राहतं, ते बहुतेक मायलिनच्या पेवात बंद असतं म्हणून. चेतापेशीतलं मात्र बऱ्यापैकी वेगानं हलतं, ती यार्डातली हळद.

हरिपूरकर
वापरा की, परवानगी कसली. फक्त एक सांगा, २००५ च्या महापुरात आमच्या पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, बरीच पेवं कायमची गेली. मायलिनचं असं काही होतं का?

रानजाई
@हरिपूरकर होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात मायलिन फुटतं आणि त्यातलं कोलेस्टेरॉल एकदम मोकळं होतं. मायक्रोग्लिया ते गिळतात पण रिंग फोडता येत नाही, मग ते बाहेर पंप करून देता आलं पाहिजे. २०१८ मध्ये उंदरांवर दिसलं की म्हाताऱ्या मायक्रोग्लियांना हे उरकत नाही, त्यांच्या पोटात कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात, सूज हटत नाही आणि नवीन मायलिन चढायचं काम अडतं. कुजलेला माल उपसल्याशिवाय पेव परत भरता येत नाही तसंच.

औषधवाला_मिरज
धागा चांगला आहे पण एक प्रश्न सरळ विचारतो, राग मानू नका. तुम्हीच म्हणता मेव्हॅलोनेटची वाट मंद झाली तर उंदरांची स्मरणशक्ती गेली. स्टॅटिन, म्हणजे आप्पांच्या गोळीच्या जातीची औषधं, नेमकी तीच वाट अडवतात, तिच्यावरचं एचएमजी-कोए रिडक्टेस हे एन्झाइम बंद करून. मग आप्पांची भीती खरीच की? माझ्या काउंटरवर आठवड्यातून दोनतीन जण हे विचारतात आणि मी "डॉक्टरांना विचारा" एवढंच म्हणतो.

रानजाई
@औषधवाला_मिरज राग कसला, याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त दिवस अडकले होते आणि हा प्रश्न गुंडाळायचा नाही असं ठरवलं होतं.

भिंत एलडीएलला अडवते, गोळीला पूर्ण अडवेलच असं नाही. सिमव्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन या चरबीत विरघळणाऱ्या, थोड्या आत जाऊ शकतात. रोसुव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणाऱ्या, त्या आणखी कमी. काचेच्या ताटलीत चेतापेशींवर भरपूर स्टॅटिन ओतलं तर त्यांना त्रास होतो हे खरं आहे. पण ताटलीतला डोस आणि माणसाच्या मेंदूत पोचणारा डोस यात खूप अंतर.

म्हणून माणसांवर काय दिसलं ते बघायचं. २००२ मध्ये दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या. एकीत २०,५३६ माणसं, सिमव्हास्टॅटिन ४०. दुसरीत ५,८०४ माणसं, सगळी ७० ते ८२ वयाची, म्हणजे आप्पांच्याच वयाची, प्रॅव्हास्टॅटिन ४०. अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना नुसती खोटी गोळी. विसरण्यात फरक पडला नाही, जास्तही नाही, कमीही नाही. तरी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं लेबलवर लिहायला लावलं की काही जणांनी विसराळूपणाची तक्रार केली आहे, ती गंभीर नाही आणि गोळी थांबवल्यावर जाते. म्हणजे एखाद्याला खरंच तसं वाटलं तर त्याला वेड्यात काढू नये, डॉक्टरांना सांगावं, ते दुसरं स्टॅटिन देऊ शकतात. पण स्टेंट असलेल्या माणसानं आपल्या मनानं बंद करणं म्हणजे जी भीती खात्रीची आहे, हार्टची, तिच्याकडे पाठ फिरवणं. काउंटरवर एवढं तरी नक्की सांगा दादा. तुमचं ते जास्त ऐकतात.

औषधवाला_मिरज
सांगतो. आता सांगण्यासारखं काहीतरी आहे हातात.

दुर्वांकुर
मी इथे सहसा फक्त वाचते, पण २४, २५ नंबर वाचून राहवलं नाही. आमच्या घरात २७ नंबरची गोष्ट आहे. नावगाव लिहीत नाही.

माझा चुलतभाऊ. लहानपणी त्याला सारखे जुलाब, आजी म्हणायची पोट नाजूक आहे. चौदाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एवढ्या लहान पोराला मोतीबिंदू म्हणून सगळ्यांना नवल वाटलं, ऑपरेशन झालं, विषय संपला. शाळेत मागे पडायला लागला तर मारलं त्याला, अभ्यास करत नाही म्हणून, हे लिहिताना मला आजही कसंतरी होतं. वीस-बाविसाव्या वर्षी दोन्ही पायांच्या टाचांच्या वर, मागे जी जाड शीर असते तिथे, गाठी आल्या. लिंबाएवढ्या. हाताला घट्ट, दुखायच्या नाहीत. चप्पल लागायची म्हणून एक गाठ काढून टाकली, ती तपासायला पाठवली का ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही. चालताना पाय ओढायला लागला, बोलणं जड झालं. एका ठिकाणी सांगितलं मनाचं आहे. कोलेस्टेरॉल तपासलं, नॉर्मल. तो नॉर्मल रिपोर्ट आम्ही सहा वर्षं फाइलमध्ये घेऊन फिरलो.

शेवटी पुण्यात एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी त्याची पॅन्ट वर करायला लावली, टाच बघितली आणि विचारलं लहानपणी मोतीबिंदू झाला होता का. आम्ही कुणी काही सांगायच्या आधी. सेरेब्रोटेंडिनस झॅन्थोमॅटोसिस असं लांबलचक नाव. काका-काकू सख्ख्या मामा-आत्याची मुलं, आमच्यात पूर्वी करायचेच, त्यामुळे दोघांकडून तेच जनुक आलं. कोलेस्टेरॉलवर २७ नंबरला ऑक्सिजन लावणारं एन्झाइम त्याच्यात नाही. रानजाई, याच्याबद्दल तुम्ही काही वाचलंय का?

रानजाई
@दुर्वांकुर वाचताना डोळे भरून आले. हो, वाचलंय. ते एन्झाइम सीवायपी २७ए१. ते नसेल तर लिव्हरला चीनोडीऑक्सीकोलिक नावाचं पित्ताम्ल नीट बनवता येत नाही. ते बनत नाही म्हणून आवरायचा निरोप मिळत नाही, आणि वाट अर्ध्यावरून भलतीकडे वळते, कोलेस्टॅनॉल नावाचं द्रव्य तयार होत राहतं. तेच डोळ्याच्या भिंगात, टाचेच्या शिरेत आणि मेंदूत साठतं. रक्तातलं साधं कोलेस्टेरॉल नॉर्मल किंवा कमीच असतं, म्हणून तुम्ही सहा वर्षं फिरलात. तपासायचं असतं कोलेस्टॅनॉल. आणि उपचार म्हणजे तेच न बनणारं पित्ताम्ल गोळीतून द्यायचं. युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. लवकर सुरू झालं तर चालणं-बोलणं बिघडायचं बरंच टळतं, उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. भाऊ आता कसा आहे?

दुर्वांकुर
गोळ्या चालू आहेत. जुलाब पहिल्या महिन्यातच थांबले, बावीस-तेवीस वर्षांचे जुलाब. चालण्यात फार फरक नाही पण आणखी बिघडलं नाही. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी केली, तिच्यातही निघालं, पण तिला अजून काहीच त्रास नव्हता, तिला लगेच सुरू केलं. ती आता नोकरी करते. म्हणून लिहिलं, कुणाच्या घरात लहान वयाचा मोतीबिंदू, जुने जुलाब आणि टाचेला गाठ अशी तिन्ही एकत्र असतील तर प्लीज न्यूरॉलॉजिस्टना हे नाव सांगा.

वहिनी_विटा
@दुर्वांकुर आमच्या नात्यात एका मुलीला डोळ्यांचं आणि पोटाचं दोन्ही आहे, टाचेचं विचारते आजच. देव तुमचं भलं करो.

तासगावचा_बेदाणा
काय बोलावं कळंना. मारलं त्याला, हे वाचून पोटात गलबललं बघा.

गावभागातला_डॉक्टर
उत्तम धागा. एकच भर घालतो नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की दोन चुली वेगळ्या म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं तरी मेंदूला काही फरक पडत नाही. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशनने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल घातलं आहे. १४ कारणांपैकी ते एक. रक्तवाहिन्या खराब होतात हा एक मार्ग झाला. रानजाई, २७ नंबरचा रेणू, २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, मेंदूशी काय करतो त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत.

रानजाई
@गावभागातला_डॉक्टर धन्यवाद सर, दुर्वांकुरच्या गोष्टीत ते मागे राहिलं.

दोन चुली खऱ्या पण मधल्या भिंतीत एक कोनाडा आहे. २४ नंबरचा रेणू मेंदूतून बाहेर जातो, तसा २७ नंबरचा रक्तातून मेंदूत येतो, रोज साधारण ५ मिलिग्रॅम. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की हे २७ वालंही वाढतं. निरोगी मेंदू त्याला पुढे बदलून परत बाहेर काढतो, साठू देत नाही. पण सतत जास्त यायला लागलं तर? उंदरांना कोलेस्टेरॉलचं जड खाणं दिलं, त्यांची स्मरणशक्ती घसरली. मग ज्यांच्यात २७ वालं बनतच नाही अशा उंदरांना तेच खाणं दिलं, त्यांची घसरली नाही. उंदरांवरचं आहे हे, माणसाच्या डिमेन्शियाचं कारण हेच असं मी म्हणणार नाही. पण एलडीएल स्वतः भिंत ओलांडत नाही तरी त्याची खबर आत कशी पोचत असेल याचा हा एक धागा आहे. आप्पांच्या फॉरवर्डाच्या बरोबर उलट झालं की नाही बघा, गोळी बंद करून त्यांनी रक्तातलं वाढवलं, आणि मेंदूच्या काळजीनं वाढवलं.

सुमनकाकू
मला सगळं कळलं नाही पण वाचलं सगळं. एक विचारायचं होतं, माझ्या धाकट्या मुलीला बाळंतपणानंतर दोन महिने नुसतं रडू यायचं, आम्ही म्हटलं दृष्ट लागली. नंतर डॉक्टरांनी औषध दिलं, बरी झाली. कुणीतरी सांगितलं ते पण कोलेस्टेरॉलपासूनच होतं, खरं का?

रानजाई
@सुमनकाकू, लांबून का होईना पण खरं आहे काकू. मेंदूत कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन आणि पुढे ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं स्टेरॉइड बनतं. मेंदू स्वतः अशी स्टेरॉइडं बनवतो हे बोलियू या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९८० च्या सुमारास दाखवलं. ते मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर बसून पेशींना शांत करतं, २४ नंबरवाला पेशीला जागं करतो तर हे निजवतं असं म्हणा. गरोदरपणात ते भरपूर असतं आणि बाळंतपण झालं की एकदम खाली येतं. काही बायकांच्या मेंदूला ही पडझड सोसत नाही. तेच द्रव्य औषध म्हणून शिरेतून द्यायला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली आणि तसंच काम करणारी गोळी २०२३ मध्ये आली. मुलीला वेळेत डॉक्टरकडे नेलंत हे फार चांगलं केलंत.

सुमनकाकू
सांगते तिला. ती अजून स्वतःलाच दोष देते, मी आई म्हणून कमी पडले म्हणते.

औषधवाला_मिरज
आप्पांचं काय झालं पुढे?

रानजाई
@औषधवाला_मिरज रविवारी दुपारी बसलो दोघं. लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन चुली काढल्या, मध्ये भिंत, भिंतीत कोनाडा. एका बाजूला लिव्हर लिहिलं, दुसरीकडे मेंदू. हरिपूरकर काकांची पेवंही काढली, ती बघून आप्पा पहिल्यांदा हसले, म्हणाले अण्णाचं एक पेव होतं हरिपुरात, मी उतरलोय त्यात. गोळी कुठल्या चुलीवर काम करते ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बिल हातात धरलं आणि विचारलं, "मग अण्णाचं काय झालं होतं?"

मी म्हटलं आप्पा, ते मला नाही सांगता येणार. एपीओईचाच एक प्रकार आहे, ई४, तो असला की अल्झायमरचा धोका वाढतो हे १९९३ पासून माहीत आहे. काकांना तो होता का, त्यांना अल्झायमरच होता का, कुणी तपासलं नाही. पण काकांनी ही गोळी आयुष्यात कधी घेतली नव्हती, तरी विसरले. हे त्यांना स्वतःहून सुचलं नव्हतं. एकदम माझ्याकडे बघितलं त्यांनी. म्हणाले, खरंच की, अण्णानं तर क्रोसीन पण कधी घेतली नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो, गोळी बंद केल्याचं आप्पांनी स्वतः सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. तीच सुरू ठेवली, सहा आठवड्यांनी रिपोर्ट करायचाय, आणि विसरल्यासारखं वाटलं तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा म्हणाले. पट्ट्या आता चष्म्याच्या घरात असतात.

हरिपूरकर
ताई ते चित्र इथे टाका की, आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपला दाखवतो.

रानजाई
@हरिपूरकर काका, चित्र माझ्याकडे नाही. आज सकाळी आमराईत फिरायला जाताना आप्पांनी लाइट बिल घडी घालून खिशात घातलं. बिल भरायचंय म्हटलं तर म्हणाले, फोनवरनं भर, हे मला तिथं लागणार आहे.